दोन घरांमधली मुलं: सांगलीच्या वाचनफेरीची नोंद, टप्पा दुसरा

या टप्प्यात दोन संस्कृतींमध्ये वाढणाऱ्या मुलांची तीन पुस्तकं झाली: पद्यकादंबरी, डायरी आणि चित्रकादंबरी. वाचणारी मुलं तेरा ते सोळा वयाची, बहुतेक मराठी माध्यमातली. पुस्तकं मात्र इंग्रजी, म्हणून क्रम जपून लावावा लागतो. पानं मोजण्यापेक्षा ओळीची लांबी बघितलेली बरी. थान्हा लाई यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) अडीचशे पानांच्या पुढे जाते, तरी सुरुवात तिनेच करावी. आखूड ओळींचा मुक्तछंद असल्याने एका बैठकीत तीसेक पानं होतात. गद्याची बारा-पंधरा झाली तरी पुष्कळ.

‘हा’ नावाची दहा वर्षांची मुलगी १९७५ मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन सोडते आणि अमेरिकेत अलाबामाला पोचते. तिकडे हुशार म्हणून नाव असलेली मुलगी इथे वर्गात मागे पडते. या पानांवर मुलं थबकतात, आणि त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. विटा-आटपाडीकडची गलाईवाली घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. तिकडच्या शाळेत शिकलेलं पोर मध्येच गावी आलं, की गणितात पुढे आणि मराठी निबंधात अडकलेलं असतं. जत भागातल्या कित्येक घरांत कन्नड आणि घराबाहेर मराठी. घरात एक आणि शाळेत दुसरंच होऊन जगणाऱ्या मुलाला कुणीतरी गोष्टीच्या मध्यभागी बसवलंय, या पुस्तकांची खरी ओढ ती आहे. व्हिएतनामची नवलाई चार पानांत ओसरते.

पद्य मोठ्याने वाचायचं, एका कवितेला एक वाचक. बिघडतं ते इथे: शाळेतल्या कवितेची चाल लागते आणि ओळ जिथे मुद्दाम तोडली आहे, तिथला थांबा हरवतो. बोलल्यासारखं वाचायचं, ओळीच्या टोकाला अर्धा श्वास. अडलेले शब्द एका बैठकीला पाचच लिहायचे. त्याहून जास्त झाले की वहीचा शब्दकोश होतो आणि गोष्ट राहून जाते.

वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’ला (२०१८) आधी नकाशा हवा, तोही फाळणीपूर्व हिंदुस्थानचा. मीरपूर खास (आता पाकिस्तानात) आणि जोधपूर ही गोष्टीतल्या प्रवासाची दोन टोकं पेन्सिलीने जोडून ठेवावीत. बारा वर्षांची निशा, वडील हिंदू, वारलेली आई मुसलमान. ती त्या आईलाच पत्रं लिहिते. इथे चर्चा लगेच १९४७ च्या राजकारणाकडे घसरते आणि निशा बाजूला पडते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीनंतर एकच प्रश्न: निशा आज कुणाशी बोलली आणि कुणाशी बोलू शकली नाही? शेवटी लेखिकेची टीप आहे, ती आधी वाचू देऊ नये.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो जीन लुएन यांग यांच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ला. २००६ चं हे पुस्तक म्हणजे कुमारांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार मिळवणारी पहिली चित्रकादंबरी. माकडराजा, जिन वांग हा शाळकरी मुलगा आणि डॅनी या गोऱ्या अमेरिकी मुलाकडे येणारा चिनी चुलतभाऊ, असे तीन धागे आळीपाळीने येतात आणि शेवटी गुंफले जातात. तीन रंगांच्या चिठ्ठ्या पानांना लावल्या की धागा सुटत नाही. मुलं संवादांचे फुगे भराभर वाचून चित्र सोडतात. म्हणून पहिल्या फेरीत फुगे हाताने झाकून पान बघायचं, दुसऱ्या फेरीत वाचायचं. त्या चुलतभावाच्या पानांवर मुलं खळाळून हसतात. तेव्हा अडवू नये. चिनी माणसाबद्दलच्या सगळ्या हिणवण्या एका पात्रात कोंबून लेखकाने ते हसू मुद्दाम ओढून घेतलंय. धागे जुळल्यावर त्याच पानांकडे परत यावं आणि आपण कशाला हसलो, ते प्रत्येकाने एका ओळीत लिहावं. मागच्या बाकावरची मुलंही इथे लिहितात, आणि मनापासून लिहितात.

वहीत दोन रकाने पुरतात, ‘घर’ आणि ‘शाळा’. पात्र कुठे काय लपवतं ते त्यात टिपायचं. एखाद्या पुस्तकाच्या ‘घर’ रकान्यात सण आणि खाणंच उरलं, तर तिथली संस्कृती निव्वळ सजावट आहे असं समजावं आणि ते पुस्तक यादीतून काढावं. मलपृष्ठावरच्या मजकुरात कितीही रंगीबेरंगी आश्वासनं असली तरी.

पुढच्या टप्प्यात जोडीवाचन. व्यंकटेश माडगूळकर सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कुमारांसाठी लिहिलेली नाही, पण धनगरांच्या वस्तीत येणारा तरणा मास्तर आणि अलाबामाच्या वर्गातली ‘हा’ समोरासमोर ठेवण्याजोगे आहेत. तो परका असून शिकवायला आलाय, ती परकी आणि शिकायला. ‘बनगरवाडी’तले शाळा सुरू होण्याचे प्रसंग आधी घ्यायचे, आणि त्याच बैठकीत ‘हा’च्या नव्या शाळेतल्या पहिल्या कविता पुन्हा वाचायच्या.