तुम्ही विचारलंत म्हणून : श्वासाचे यंत्र आणि परदेशी जाण्याचा विचार

गेल्या काही महिन्यांत मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा आहे : "रात्री ते यंत्र लावल्याशिवाय तुम्हाला झोपता येत नाही, मग जर्मनीला जाण्याचा विचार आताच कशाला? आधी पूर्ण बऱ्या व्हा, मग जा." विचारणाऱ्यांत माझ्या नणंदबाई आहेत, चाकणच्या कारखान्यातले सहकारी आहेत आणि ज्यांना नुकतेच झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचे निदान झाले आहे, असे काही जणही आहेत. विचारण्यामागची काळजी खरी असल्यामुळे मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ निभावत आले, पण हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही.

प्रथम 'पूर्ण बऱ्या व्हा' या शब्दांविषयी. माझा आजार हा ताप किंवा कावीळ यांसारखा येऊन जाणारा नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, छाती हवा ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन ती वाट पुन्हा उघडतो. सकाळी यातले काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला किंवा पुरेसा उथळ झाला, की त्याची एक नोंद होते. अशा नोंदी तासाला सरासरी किती, हा आकडा म्हणजे एएचआय. पाचाच्या आत असला तर ठीक, पंधरापासून मध्यम आणि तिसापासून तीव्र. माझा आकडा चौतीस आला, म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांच्या आत एकदा माझा श्वास अडत होता, आणि प्राणवायू एका टप्प्यावर 79 टक्क्यांपर्यंत खाली गेला होता.

सीपॅप यंत्र यावर जे करते ते अगदी साधे आहे. ते मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सतत सोडते आणि त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी राहते. सिडनीतले डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली पाच रुग्णांवरचे या उपचाराचे अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, त्याआधी तीव्र आजार असलेल्यांसाठी गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट काढणे हाच खात्रीचा उपाय होता. हे वाचले त्या रात्री मास्कविषयीची माझी तक्रार बरीच कमी झाली. मात्र हवेचा हा आधार लावला आहे तोवरच असतो. यंत्र काढले की घसा पुन्हा पूर्वीसारखा मिटतो, त्यामुळे 'बरे होऊन मग जाणे' हा क्रम माझ्यापुरता उपलब्धच नाही. वजन उतरवल्याने अनेकांचा आजार सौम्य होतो आणि स्थूल रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली, हे मला ठाऊक आहे. परंतु माझे वजन उंचीच्या मानाने थोडेसेच अधिक आहे; मला दोष माझ्या आखूड, मागे असलेल्या जबड्याचा सांगितला गेला. आशियाई लोकांत चेहऱ्याच्या अशा ठेवणीमुळे बारीक माणसालाही हा आजार होतो, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. बाईला होतो, हे तर त्याहूनही कमी बोलले जाते.

माझ्या बाबतीत आजार ओळखला तो सासूबाईंनी. यजमान दौऱ्यावर असताना त्या माझ्या खोलीत झोपल्या होत्या आणि सकाळी चहा देताना म्हणाल्या, "अगं, तू रात्री श्वास घ्यायचीच थांबतेस. मी तीनदा उठून तुझ्या नाकाशी हात धरला." त्याआधीची चार वर्षे मी सकाळची डोकेदुखी, रात्री तीन-चारदा लघवीला उठणे, वाढता रक्तदाब आणि दिवसभराचा थकवा घेऊन फिरत होते. साखर तपासली, थायरॉईड तपासले, आणि शेवटी 'पाळी जाण्याचे वय आहे, असे व्हायचेच' हे उत्तर स्वीकारले. वय खरोखरच कारणांपैकी एक होते, कारण पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो. पण त्या उत्तराने पुढची तपासणीच थांबली. पुरुषांसारखे मोठ्याने घोरणे बायकांत नेहमी नसते, थकवा आणि निद्रानाश पुढे दिसतात, म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास आणि प्राणवायू मोजणारी तपासणी, करावी हे कोणाला सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जर्मनीत जाण्याचा प्रस्ताव मला पहिल्यांदा आला तो निदानाच्या आधी. आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय श्टुटगार्टजवळ आहे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातून त्या भागात जाणारे लोक पुष्कळ आहेत, मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरे आहेत, तेव्हा हे जाणे आमच्या क्षेत्रात अपूर्वाईचे नाही. गुणवत्ता विभागात तीन वर्षांसाठी जागा होती, मुलगी बारावी होऊन वसतिगृहात गेली होती, यजमान यायला तयार होते. मी नाही म्हटले. कारण विचारले तेव्हा मी सांगितले की या वयात नवी भाषा, नवे घर, नवी माणसे मला झेपणार नाहीत. मी ते मनापासून सांगितले होते, आणि सर्वांनी ते समजून घेतले.

यंत्रावर चार महिने नीट झोपल्यानंतर, दिवाळीच्या सुमारास तोच प्रस्ताव पुन्हा आला, तेव्हा माझ्या लक्षात आले की मागच्या वेळी उत्तर देणारी बाई चार वर्षे झोपलेलीच नव्हती. त्या काळात मी एका ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, तीन-तीनदा वाचत असे, भोसरी यायच्या आत कंपनीच्या बसमध्ये माझी मान कलंडत असे, मुलीच्या प्रवेशाचे अर्ज भरताना मला रडू येत असे. 'झेपणार नाही' हे तेव्हा अगदी खरे होते, फक्त त्याचे कारण मी वय समजले होते. म्हणून, यंत्र लागले असताना परदेशाचा विचार कसा करता या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की यंत्र लागले म्हणूनच तो विचार मला करता येतो आहे. यातून मी जाईनच असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की या वेळचे उत्तर, हो असो वा नाही, जाग्या माणसाचे असेल.

मात्र यंत्र घरी आणले आणि झोप लागली, असे झाले नाही. ज्यांना नुकते निदान झाले आहे त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. पहिल्या महिन्यात मास्क माझ्या चेहऱ्यावर रात्रीचे सरासरी सव्वातीन तास राहिला. दुकानातून मिळाला तो नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क. त्याने नाकाच्या हाडावर वळ उठला आणि कडेने गळणारी हवा डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. दाब हळूहळू चढावा म्हणून यंत्र दाबाच्या चार या आकड्यापासून सुरू होत असे आणि ते चार मला गुदमरवणारे वाटे. डॉक्टरांनी सुरुवात सहावर नेली, तेव्हा पहिल्यांदा मला पुरेशी हवा मिळाली. नाक चोंदलेले असताना नाकाचा लहान मास्क चालणार नाही म्हणून आधी ईएनटी डॉक्टरांकडे स्प्रेचा उपचार घेतला, दीड महिन्याने मास्क बदलला, आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटे मास्क लावून, यंत्र चालू ठेवून, जागेपणी पेपर वाचत बसण्याचा नेम केला. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग मला सर्वांत जास्त झाला. मेंदूला एकदा कळले की या वस्तूबरोबर आपण शांत बसू शकतो, मग झोपेत हात आपोआप मास्क ओढून काढण्याचे थांबले.

अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेत, सलग तीस दिवसांपैकी सत्तर टक्के रात्री किमान चार तास वापर झाला तर उपचार नियमित चालू आहे असे धरतात. ती विम्याची अट आहे. शरीराला चार तास पुरत नाहीत, कारण पहाटेची स्वप्नांची झोप, जिच्यात अनेकांचे श्वास सर्वाधिक अडतात, ती चार तासांनी मास्क काढला तर त्यानंतरच येते. म्हणून जाण्याविषयी उत्तर देण्याआधी मी स्वतःसाठी वेगळी अट ठेवली : सलग नव्वद रात्री, पूर्ण झोपेइतका वापर, आणि यंत्राच्या नोंदीतला एएचआय पाचाच्या आत. कारखान्यात आम्ही मोजमापाचे साधन स्थिर झाले आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याने भाग मोजत नाही, तोच न्याय मी येथे लावला. आज माझा आकडा दोनच्या आसपास आहे आणि वापर साडेसहा तासांचा.

घराबाहेर हा उपचार टिकतो का, हे पाहायला जर्मनीपर्यंत जावे लागले नाही. गणपतीत आम्ही राजापूर तालुक्यातल्या घरी गेलो आणि दुसऱ्याच रात्री वीज गेली, ती सकाळी सातला आली. त्या एका रात्रीनंतर जुनी डोकेदुखी परतली आणि आरतीच्या वेळी मला उभे राहवेना. परत आल्यावर मी यंत्रासाठी बॅटरी घेतली. विमानात सोबत ठेवायची लिथियम बॅटरी 100 वॅट-अवरच्या आत असली तर अडचण येत नाही, 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि ती चेक-इन करून द्यायच्या सामानात घालता येत नाही; त्या हिशेबानेच बॅटरी निवडली. यंत्रही हातातल्या बॅगेत, हवा ओलसर ठेवणाऱ्या टाकीतले पाणी पूर्ण काढून. त्याचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे तिकडे फक्त पिनेचा जोड लागेल. डिसेंबरात पुण्याची थंडी वाढली तेव्हा नळीत बाष्प थंड होऊन पाण्याचे थेंब नाकावर पडू लागले, म्हणून उष्ण राहणारी नळी घेतली. ती श्टुटगार्टच्या हिवाळ्यातही लागेलच.

पैशाची आणि विम्याची बाजू तपासताना मला दोन देशांतला फरक ठळक दिसला. माझ्या येथील आरोग्य विम्याने यंत्राची किंमत दिली नाही. बहुतेक पॉलिसींत घरी वापरायची अशी उपकरणे वगळलेलीच असतात. जर्मनीत ठरावीक मर्यादेच्या आत पगार असलेल्या नोकरदाराला सार्वजनिक आरोग्य विमा सक्तीचा असतो आणि आधीचा आजार आहे म्हणून तो विमा नाकारता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिले की यंत्र विम्यातून मिळते आणि रुग्णाचा वाटा एका उपकरणामागे जास्तीत जास्त दहा युरो असतो. खाजगी विमा मात्र प्रकृतीविषयी सविस्तर विचारतो आणि हप्ता वाढवू शकतो, तेव्हा कंपनीने कोणता विमा देऊ केला आहे हे सही करण्याआधी लेखी विचारावे. मी विचारले आहे.

गाडी चालवण्याविषयी कोणीच विचारत नाही, पण ते विचारायला हवे. भारतातला परवाना जर्मनीत राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतो. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशानुसार मध्यम किंवा तीव्र श्वासरोध आणि त्यामुळे दिवसा झोप येणाऱ्या माणसाने आजार आटोक्यात असल्याचे, उपचार नियमित असल्याचे वैद्यकीय मत द्यावे लागते, आणि साध्या चालकाचा आढावा तीन वर्षांच्या आत पुन्हा घ्यावा लागतो. मला हा नियम योग्य वाटतो. आपल्याकडे रात्रभर बस आणि ट्रक चालवणाऱ्या माणसांना कोणी एकदा तरी असे तपासले असते, तर किती घरे वाचली असती, हा विचार एक्स्प्रेस वेवरून जाताना दर वेळी मनात येतो.

कागदांचे काम मी आताच सुरू केले आहे, जाणे झाले नाही तरी ते वाया जाणार नाही. मूळ स्लीप स्टडीचा पूर्ण अहवाल, दाब ठरवला त्या रात्रीचा अहवाल, डॉक्टरांचे पत्र, यंत्राच्या नव्वद दिवसांच्या नोंदी आणि मास्कचे नाव व माप अशी एक फाईल इंग्रजीत तयार आहे. तिकडे स्लीप लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणून यंत्र येथलेच न्यायचे, दोन जादा उश्या म्हणजे मास्कच्या रबरी कडा बरोबर ठेवायच्या, आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घराजवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायचे, असे ठरले आहे.

राहिला प्रश्न सासूबाईंचा, आणि तो यंत्रापेक्षा अवघड आहे. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि आम्ही गेलो तर त्या धाकट्या दिरांकडे सांगलीला राहतील. मी जावे असे त्या म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे पाहत नाहीत. कंपनीला मी मार्चअखेर उत्तर देईन असे कळवले आहे आणि त्यांनी ती मुदत मान्य केली आहे. तोपर्यंतच्या रात्री मी नीट झोपणार आहे. सासूबाई अजूनही पहाटे उठल्या की आमच्या दारापाशी थांबून यंत्राचा आवाज एकसारखा चालू आहे ना हे ऐकतात आणि मग देवघरात जातात.