मत नंतर, आधी प्रसंग

आपल्या शाळेत पाहुण्यांचं भाषण होत नसे. निदान मी आठवी ते दहावीत होते तोवर तरी नाही. पंधरा ऑगस्ट असो, गॅदरिंग असो, मराठीचे सर पाहुण्यांना आधीच जाऊन भेटायचे आणि विनंती करायचे, की भाषण नको, मुलांना मुलाखत द्या. काही पाहुण्यांना ते आवडायचं नाही. खिशातून घडी घातलेला कागद निघायचाच. पण बहुतेक जण राजी व्हायचे, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस आमची तयारी चालायची.

तयारीसाठी सरांनी एक वही ठरवून दिली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे प्रश्न, उजवीकडे कोरी जागा, तिथे उत्तरातले चार-दोन शब्द टिपायचे. नियम असा, की पहिला प्रश्न डावीकडचा, त्यानंतरचा उजवीकडून उचलायचा. म्हणजे माणूस आत्ता जे बोलला त्यातूनच पुढचं विचारायचं. डावीकडचे उरलेले प्रश्न वाया गेले तर जाऊ देत. दुसरा नियम, "काय वाटतं" हे शेवटी विचारायचं. आधी "काय झालं" ते विचारायचं. कुठे, कोणाबरोबर, कोणत्या वेळी, पुढे काय.

हे शिकायला आपल्या भागासारखी दुसरी जागा नव्हती. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार, होतं. आमच्या शाळकरी वयात तुफान सेनेतली, म्हणजे या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलातली माणसं साठीच्या आसपास होती, शेतात जात होती, बाजाराला येत होती. त्यांतलेच एक शेजारच्या गावचे आजोबा स्वातंत्र्यदिनाला आले. आमच्यातल्या हुशार मुलाने छान उच्चारात विचारलं, "स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्याला काय वाटलं?" आजोबा म्हणाले, "आनंद झाला." दुसरा प्रश्न, "आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?" आजोबा म्हणाले, "अभ्यास करावा." सर भिंतीला टेकून उभे होते, काही बोलले नाहीत.

मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. घरची शेती, मंचावर कधी न गेलेली. "आजोबा, तुम्ही उसात लपायचा, तवा भाकरी कोण द्यायचं?"

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. "हां, हे बग इचारलंस." आणि मग जे सुरू झालं ते मधली सुट्टी होऊन गेली तरी थांबलं नाही. वैरणीच्या भाऱ्यात भाकऱ्या बांधून फडापर्यंत आणणारी एक म्हातारी होती. तिने कधी नाव विचारलं नाही. नाव ठाऊक नसलं, की पोलिसांनी मारलं तरी सांगता येत नाही, एवढी तिची समज. दाराची कडी ती रात्री लावत नसे. एकदा झडती आली तेव्हा तिने भाकरीची दुरडी सरळ जमादारापुढे ठेवली आणि म्हणाली, भुकेला असशील, खा. हे सांगताना आजोबांचा आवाज भरून आला. त्यांच्या मुलालाही ही हकिकत तोवर ठाऊक नव्हती, कारण तोवर त्यांना कोणी भाकरीबद्दल विचारलंच नव्हतं. सगळे देशाबद्दल विचारत.

पुढे मुलाखती घेणं हेच माझं काम झालं. आधी आकाशवाणीसाठी, मग दिवाळी अंकांसाठी. या कामात मी जे जे चांगलं पाहिलं, ऐकलं, त्यात सरांची ती वही मला सापडत गेली.

बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात 'फेस टू फेस' नावाचा कार्यक्रम होता. जॉन फ्रीमन मुलाखती घ्यायचे. हेच फ्रीमन पुढे ब्रिटनचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. पडद्यावर ते स्वतः जवळजवळ दिसतच नाहीत. कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ, आणि समोरच्या माणसाचा चेहरा इतका जवळून, की पापणी लवली तरी कळावी. १९५९ साली त्यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांची मुलाखत झुरिकजवळच्या क्यूसनाख्त इथल्या त्यांच्या घरी घेतली. युंग तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यातलं देवाबद्दलचं उत्तर जगभर उद्धृत होतं. "मला विश्वास ठेवण्याची गरज नाही, मला माहीत आहे," अशा अर्थाचं. पण ते उत्तर आलं कसं, हे फार थोडे जण पाहतात. फ्रीमन यांनी आधी लहानपण विचारलं. वडील पाद्री, घरचं वळण, चर्चला जाणं. लहानपणी देवावर विश्वास होता का, असं विचारलं. आणि मग लगेच, आता आहे का? युंग क्षणभर अडखळले. "आता?" म्हणाले, सांगणं अवघड आहे. आणि मग ते वाक्य. हाच प्रश्न सुरुवातीलाच टाकला असता तर त्यांनी एखाद्या पुस्तकातलं तयार उत्तर दिलं असतं, असं मला वाटतं. लहानपणातून चालत आल्यामुळे त्यांना त्या जागी नव्याने विचार करावा लागला.

याच कार्यक्रमात १९६० साली गिल्बर्ट हार्डिंग या लोकप्रिय कलावंताला फ्रीमन यांनी मृत्यू जवळून पाहिला आहे का, असं विचारलं. हार्डिंग यांची आई गेलेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कॅमेरा तिथेच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हार्डिंगही गेले. तो प्रश्न विचारायला हवा होता का, यावर वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे. माणूस रडला म्हणजे मुलाखत खोल गेली, असं होत नाही. आज पडद्यावर पाहुण्याचे डोळे पुसताना दाखवण्याची जी हौस आहे, ती मला सहन होत नाही.

आपल्या घरचं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. फेब्रुवारी १९५५ मध्ये बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन यांनी गांधीजींविषयी त्यांची मुलाखत घेतली. ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐकावं. सहमती-असहमतीचा प्रश्न नंतरचा. त्यात बाबासाहेब आधी हकिकत सांगतात. गांधींची पहिली भेट कशी झाली, मग गोलमेज परिषद, मग पुणे करार. आपण गांधींना नेहमी विरोधक म्हणूनच भेटलो आणि त्यामुळेच इतरांपेक्षा आपण त्यांना जास्त ओळखतो, असं ते म्हणतात. इंग्रजीत लिहिणारे गांधी आणि गुजरातीत लिहिणारे गांधी यांची तुलना कुणीतरी करून पाहावी, असंही सुचवतात. कठोर मतं आहेत, पण प्रत्येक मताखाली एक प्रसंग, एक बैठक, एक वर्ष आहे. वॉटसन यांचे प्रश्न अगदी छोटे. या मुलाखतीनंतर दोन वर्षांच्या आत बाबासाहेब गेले. त्यांच्याविषयी लिहिलेलं कपाटभर आहे, पण तो आवाज, मध्येच थांबून पुन्हा पकडलेलं वाक्य, हे फक्त तिथेच मिळतं.

आणि हौसाबाई पाटील! क्रांतिसिंहांची लेक. पत्रकार पी. साईनाथ यांनी विट्याला जाऊन त्यांच्याशी केलेलं बोलणं 'पारी' या ग्रामीण भारताच्या हकिकती जपणाऱ्या संकेतस्थळावर आहे. तेव्हा हौसाबाई नव्वदी ओलांडलेल्या. पोलीस ठाण्यातली हत्यारं काढायची होती, म्हणून ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक रचलं. खोटा नवरा त्यांना मारतो, मोठा धोंडा उचलतो, ठाण्यातले पोलीस त्यांना वाचवायला धावतात आणि तेवढ्यात साथीदार रिकाम्या ठाण्यात शिरतात. इथवर पराक्रमाची गोष्ट झाली, ती कुणीही छापली असती. पण पुढे बाई सांगतात, की त्या माणसाने जरा जास्तच जोरात मारलं आणि त्याबद्दल आपण त्याला नंतर बोललो. मारही खरा होता, नाटकही खरं होतं, आणि इतकी वर्षं उलटली तरी ती तक्रार तशीच होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतल्या आजोबांची दुरडी आठवली. २०२१ साली हौसाबाई गेल्या. तुफान सेनेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड २०२२ मध्ये गेले. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीला रेल्वे अडवणाऱ्यांतले ते. त्यांचंही बोलणं वेळेत नोंदवलं गेलं, हे आपल्या भागाचं भाग्य. ज्यांचं नोंदवलं गेलं नाही ते कितीतरी जास्त आहेत.

मुख्याध्यापक बाईंनी या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या, त्यासोबत माझी शाळेला एक विनंती आहे. सरांनी आमच्याकडून घेववलेल्या त्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं नाहीत, टेपरेकॉर्डरच नव्हता. आज प्रत्येक घरात फोन आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी जाणत्या वयात अनुभवला ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया आहेत. त्या काळातले सरपंच, कारखान्याचे पहिले संचालक, पंचायत समितीत निवडून गेलेल्या पहिल्या बाई, हे सगळे तालुक्यातच आहेत. नववीच्या मुलांना रेघ मारलेली वही द्यावी आणि यांच्याकडे पाठवावं. भूकंपाबद्दल "कसं वाटलं" विचारू नये. त्या पहाटे अंथरुणातून उठून आधी कोणाला हाक मारली, ते विचारावं. ध्वनिमुद्रण झालं, की ते शब्दशः उतरवून काढावं, बोली सुधारू नये, आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवून मगच ठेवावं.

येत्या जूनपासून महिन्यातला एक शनिवार मी शाळेत यायला तयार आहे. चांगला रेकॉर्डर आणि दोन माइक माझ्याकडे आहेत, ते शाळेलाच देऊन टाकीन. ग्रंथालयातलं एक कपाट मात्र बाईंनी मोकळं करून द्यावं.

— माजी विद्यार्थिनी, दहावी १९८४