मुलगा की मुलगी, हे आता मी सांगायचं

खूप दिवसांनी लिहितेय, कारण नोकरी लागली आणि वेळ संपला. अमेरिकेतच जेनेटिक काउन्सेलिंगचं मास्टर्स केलं, बोर्डाची परीक्षा दिली, राज्याचं लायसन्स आलं, आता गरोदर बायकांना तपासण्यांचे रिझल्ट्स समजावून सांगते. त्यातलं एक काम मात्र काही केल्या अंगवळणी पडत नाहीये.

एनआयपीटी ही रक्ततपासणी गरोदरपणाच्या १०व्या आठवड्यापासून करता येते. आईच्या रक्तातून बाळाच्या क्रोमोसोम्सचा अंदाज घेतात, मुख्यतः डाउन सिंड्रोम वगैरेसाठी, पण आईवडिलांना हवं असेल तर रिपोर्टमध्ये लिंगही येतं. आणि ते फोन करून मी सांगायचं! आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली याच वाक्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, इथे तो माझ्या नोकरीचा भाग आहे.

असे कॉल ट्रेनिंगमध्येही केले होते, पण तेव्हा शेजारी सुपरवायझर असायची आणि फोन ठेवला की विचारायची, बोलताना तुला काय वाटलं? डिग्रीसाठी किमान ५० केसेसमध्ये प्रत्यक्ष भाग घ्यावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की वैताग यायचा. आता सही माझी, जबाबदारी माझी, आणि काय वाटलं हे विचारायला कोणी नाही, लगेच पुढची पेशंट.

बाकीचे त्रास सगळ्याच नव्या लोकांना असतात. जीनमधला बदल सापडला पण त्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही, हे घाबरलेल्या माणसाला शांतपणे सांगणं, इन्शुरन्सला पत्रं लिहिणं, संध्याकाळी उरलेल्या नोट्स. त्यात २०२१ पासून रिपोर्ट पेशंटला ऑनलाइन लगेच दिसतो, म्हणजे माझ्या आधी तिनेच वाचलेला असतो. हे जमतं हळूहळू.

पण परवा आपल्याकडच्या एका जोडप्याने बाकी काही न विचारता थेट मुलगा की मुलगी एवढंच विचारलं आणि माझा आवाज बदलला. कशासाठी हवंय, हे मी विचारू शकत नाही, पेशंटच्या निर्णयात आपली मतं घुसडायची नाहीत हेच तर दोन वर्षं शिकवलं. गंमत म्हणजे गोरी जोडपीसुद्धा हेच आधी विचारतात, मुलगा की मुलगी हे जाहीर करायच्या पार्टीत केक कापायचा असतो ना, आणि त्यांचं मी हसून अभिनंदन करते! पण कशामुळे हा कायदा आला ते मला माहीत आहे, त्यांना नाही, त्यामुळे माझ्या शंकेला भेदभाव म्हणणं मला तरी पटत नाही.

उलट ऑफिसात एकीने "तुमच्याकडे हे अजून चालतं ना?" असं दयेच्या सुरात विचारलं तेव्हा मी तिला ऐकवलं, देशाचा कायदा १९९४चा, पण आमच्या महाराष्ट्राने १९८८लाच केला होता, देशात पहिला. तो का करावा लागला, हे तिने विचारलं नाही म्हणून बरं.

आता मी एक क्रम ठरवलाय. आधी ट्रायसोमीचं, म्हणजे डाउन सिंड्रोमसारखं एखादं क्रोमोसोम जास्त असण्याचं सगळं, मग ही फक्त स्क्रीनिंग आहे, काही निघालं तर अ‍ॅम्निओ (गर्भजलाची तपासणी) करून खात्री करावी लागते हे, आणि लिंग सगळ्यात शेवटी. गोरे, देसी, सगळ्यांना सारखंच. कॉल जरा लांबतो अशी कुरकुर आहे ऑफिसात, असू दे.