शिकवायचं मांजराला नाही, बंड्याला

घरात बंड्या कुत्रा असताना साय ही मांजर येणार म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या निम्म्या गल्लीनं एकच सल्ला दिला. "दोघांस्नी एकदम सोडा की! दोन दिस भांडतील, मग एकाच पोत्यावर झोपतील." गल्लीतल्या जनावरांचं तसं होतही असेल, पण त्यांना पळायला कौलं असतात. घरात कोंडीत सापडलेलं मांजर नख्या काढतं, आणि आमच्या बंड्याचं नाक सदानकदा सगळ्यात पुढं.

बंड्या म्हणजे पाच महिन्यांचं गावठी पिल्लू. एक कान उभा, दुसरा अजून पडलेला. कुणाचीही कोल्हापुरी दारात सुटली की अंगठा याच्या तोंडात. साय वर्षाची, राजारामपुरीतल्या मैत्रिणीची. मैत्रीण पुण्याला गेली आणि ही आमच्यात आली.

सायला वरची खोली दिली आणि दार बंद ठेवलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या दोन लहान वाकळा शिवल्या होत्या, एक वर, एक खाली. रोज त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे तोंड बघायच्या आधी एकमेकांचा वास ओळखीचा होतो. पहिल्यांदा सायची वाकळ खाली आली तेव्हा बंड्यानं ती फरफटत अंगणात नेली. सायनं मात्र त्याची लांबूनच हुंगली आणि पाठ फिरवली. पुढं दोघांच्या ताटल्या दाराच्या अलीकडं-पलीकडं ठेवायला लागलो आणि हळूहळू जवळ सरकवल्या.

समोरासमोर आणायच्या दिवशी आधी रंकाळ्याला फेरा. दमलेलं पिल्लू निम्मं शहाणं असतं. लेक म्हणाली, "मम्मी, मी पट्टा धरतो, तू दार उघड." बंड्यानं छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग वर, शेपूट गरागरा. त्याच्या भाषेत ते 'चल खेळू'. पण मांजराची शेपूट जोरात हलते ती वैतागल्यावर, त्यामुळं सायनं त्याचा काय अर्थ लावायचा तो लावला आणि फुगून दुप्पट झाली.

भुंकणं परवडतं. मला भीती त्याच्या गप्प होण्याची. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर मांजरावर खिळलेली, म्हणजे आता झेप. तशी लक्षणं दिसायच्या आतच त्याला हाक मारायची, वळून बघितलं की चिकनचा तुकडा. (रविवारच्या रश्श्यातलं, पण कांदा-लसूण-मीठ पडायच्या आधी बाजूला काढलेलं. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.) मांजराकडं बघून परत आपल्याकडं बघणं, एवढं एकच त्याला शिकवायचं होतं. सायला काही शिकवलं नाही. तिच्यासाठी फक्त कपाटाशेजारी स्टूल ठेवलं, म्हणजे तिथून माळ्यावर जाता येतं. वर गेलं की ती पाय पोटाखाली घेऊन बसते आणि खालचा गोंधळ बघते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. मांजराला चुकून लावणं तर सोडाच, औषध ओलं असताना कुत्र्याच्या अंगाला अंग घासलं तरी धोका. पावसाळ्यात इकडं गोचीड हटत नाहीत, म्हणून डॉक्टरांना 'घरात मांजर आहे' हे आधी सांगायचं आणि मगच औषध घ्यायचं.

दुधावरून सासूबाईंशी अजून चालूच आहे. गंगावेशीतलं धारोष्ण म्हशीचं दूध मांजरानं नाकारायचं म्हणजे त्यांच्या मते अपमानच. पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध सोसत नाही, पोट बिघडतं. बंड्याचं खाणंही सायला रोज चालत नाही. मांजराला टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडतं, आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. उलट बंड्याला सायचंच खाणं हवं असतं. म्हणून तिची वाटी आता माळ्यावर.

राहिला वाळूचा ट्रे. त्यात बंड्याला काय मेवा दिसतो देव जाणे! सध्या वरच्या खोलीच्या दाराला साखळी लावलीय, साय आत जाईल पण बंड्याचं डोकं आत शिरणार नाही एवढीच फट ठेवून. आणि घरात कुणी नसलं की अजूनही दोघं वेगळ्या खोल्यांत, यात तडजोड नाही. गौरी-गणपतीला पाहुणे आले की साय वर राहील. बंड्याला मोदकांपासून लांब कुठं ठेवायचं, त्यावर घरात एकमत नाही.