दहा सेकंदांत आठ सेंटिमीटर

आमचं घर हळदीवर चालतं. पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. राजापुरी हळदीचा वास त्यांच्या शर्टातून कधी जातच नाही. खोकल्यापासून कापलेल्या बोटापर्यंत हळद लागू पडत नाही असं दुखणं आजीला माहीत नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तर घरात कुणी बोर्डात आल्यासारखा आनंद झाला होता.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मला विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप मिळाली आणि मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे मॅडमनी विचारलं, "कर्क्युमिनवर काम करशील?" कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य. मी हो म्हटलं आणि त्याच क्षणी प्रयोगाचं उत्तरही मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या दोन महिन्यांत मी जे काही शिकले, ते सगळं या ठरवून टाकलेल्या उत्तराशी झुंजताना शिकले.

प्रश्न साधा होता. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं असतात ना, तीच ड्रोसोफिला. नळी टेबलावर आपटली की सगळ्या माश्या तळाशी पडतात आणि लगेच काचेवरून वर चढू लागतात. हा त्यांचा उपजत स्वभाव आहे. वय झालं की हे चढणं मंदावतं. म्हणून नळीवर आठ सेंटिमीटरवर रेघ मारायची, आपटायची आणि दहा सेकंदांत किती माश्या रेघ ओलांडतात ते मोजायचं. खाण्यातून कर्क्युमिन दिलेल्या म्हाताऱ्या माश्या जास्त चढतात का, एवढंच पाहायचं होतं. माश्या म्हाताऱ्या व्हायला चाळीसेक दिवस लागतात. सुदैवाने तिथल्या एका सीनियर दादाने त्या आधीपासून वाढवून ठेवल्या होत्या.

पहिले काही दिवस माश्यांचं जेवण रांधण्यात गेले. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवायचं, निवत आलं की बुरशी लागू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल घालायचं. त्याचा आंबूस भपकारा हॉस्टेलच्या खोलीपर्यंत सोबत यायचा. मग कार्बन डायऑक्साइडने माश्यांना गुंगी द्यायची आणि मऊ कुंचल्याने नर-मादी वेगळे करायचे. पुढच्या पायांवरचा काळा कंगवा दिसला की नर. सुरुवातीला प्रत्येक माशीपाशी मी अडायचे. पुढे पुढे हात आपोआप चालायला लागला.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, इथेनॉलमध्ये विरघळतं. म्हणून ज्या माश्यांना कर्क्युमिन द्यायचं नाही, त्यांच्याही खाण्यात तेवढंच इथेनॉल घालायचं. नाहीतर फरक कर्क्युमिनचा की दारूचा, हे कसं कळणार? उजेडात ते खराब होतं, म्हणून नळ्यांना फॉइल गुंडाळायची. पाठ्यपुस्तकात 'कंट्रोल' हा शब्द मी कितीदा वाचला होता, पण तो नेमका कशासाठी असतो हे त्या इथेनॉलच्या थेंबांनी समजावलं.

खरा धडा मात्र मोजणीत होता. त्या लॅबमध्ये नव्या माणसाला आधी एक सराव करायला लावतात. चढणाऱ्या माश्यांचे व्हिडिओ दोनदा मोजायचे. पहिल्यांदा नळीवर 'कर्क्युमिन' किंवा 'कंट्रोल' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यांदा तेच व्हिडिओ नावं झाकून, क्रम बदलून, नुसत्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांसह देतात. कुठला आकडा कशाचा, तो कागद मॅडमच्या ड्रॉवरमध्ये असतो.

दहावा सेकंद संपतो आणि एक माशी नेमकी रेघेवर असते. डोकं पलीकडे, पोट अलीकडे. मोजायची की नाही? नियम स्पष्ट होता: पूर्ण शरीर रेघेपलीकडे गेलं तरच मोजायची. पण व्हिडिओ धूसर असतो, माशी हलत असते, शेवटी डोळाच निवाडा करतो. दादाने दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. नावं दिसत असताना कर्क्युमिनच्या माश्या माझ्या मोजणीत थोड्या जास्त चढल्या होत्या. नावं झाकल्यावर तो फरक विरून गेला. मी खोटा आकडा एकही लिहिला नव्हता, पण रेघेवरच्या माशीचा निवाडा करताना माझा डोळा हळदीकडे झुकत होता. मॅडम म्हणाल्या, "हे सगळ्यांचंच होतं. म्हणून तर चिठ्ठ्या लावतो."

त्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलबद्दल वाचत बसले. वाटाण्याचे ७,३२४ दाणे, त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला १, अपेक्षित ३:१ च्या अगदी जवळ. हे आकडे बारावीपासून पाठ होते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि म्हटलं की आकडे अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की नुसत्या योगायोगाने ते तसे येणं फार अवघड. काय उत्तर यायला हवं हे ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाचा त्यात हात असावा, असा त्याचा तर्क होता. या तर्कावर पुढे खूप वाद झाले, पण मला तो मदतनीस अगदी समोर दिसला. किंचित सुरकुतलेला एखादा दाणा बोटांत धरून, कुठल्या ढिगात टाकावा याचा विचार करणारा.

आणि मग याच माश्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा मॉर्गन. त्याने १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या माशीचे निकाल छापले. दुसऱ्या पिढीत लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९, लाल डोळ्यांचे नर १,०११, पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. नर निम्मे लाल, निम्मे पांढरे निघायला हवेत. ७८२ हा आकडा सरळसरळ तोकडा पडतो. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या जगण्यात जरा कमी पडतात. पण त्याने तो आकडा जसा आला तसा छापला, आणि गुणसूत्रांवरच्या जनुकांची पुढची सगळी कथा त्या ओबडधोबड आकड्यांवर उभी राहिली. ७८२ हा आकडा माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

प्रयोग संपल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधला कागद काढला. आम्ही वापरलेल्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आहे असं म्हणता येईल इतकं काही हाती आलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. संध्याकाळी आजीचा फोन आला.

"चढली का गं चिलटं?"

"चढली, पण दोन्हीकडची सारखीच."

"मग हळदीत गुण नाही म्हणतीस?"

"तसं नाही गं आजी. हळदीत शेकडा दोन-पाच भागच कर्क्युमिन असतं, आम्ही हळद नाही, नुसतं कर्क्युमिन घेतलं होतं. इतक्या प्रमाणात, या माश्यांच्या चढण्यावर फरक दिसला नाही. एवढंच."

"एवढं सांगायला पुण्याला गेलतीस व्हय?"

"हो," म्हटलं. ते बोलताना मला जाणवलं की जेवढं पाहिलं तेवढंच बोलायला मी आता शिकले आहे. शिवाय ते आजीला सांगता आलं, याचं मला मोल वाटतं.

कॉलेजात परत आले तर मण्यांचं प्रॅक्टिकल चालू होतं. पिशवीतून डोळे मिटून रंगीत मणी काढायचे आणि मेंडेलचं ३:१ गुणोत्तर दाखवायचं. जर्नलमध्ये उत्तर बरोबर यायला हवं, म्हणून आकडे जरा ओढूनताणून बसवायचे ही जुनीच रीत. मी सरांना विचारलं, प्रत्येक बाकाचे खरे आकडे फळ्यावर लिहूया का? सर लगेच तयार झाले. कुठे गुणोत्तर चारच्या पुढे गेलं, कुठे दोनवर अडलं. सगळ्यांची बेरीज केली तेव्हा ते तीनच्या जवळ आलं. मग सरांनी काय-वर्गाची (chi-square) चाचणी, म्हणजे आलेले आकडे अपेक्षेपासून नुसत्या योगायोगाने इतके दूर जाऊ शकतात का ते तपासायची रीत, फळ्यावरच करून दाखवली. ते सूत्र आम्ही परीक्षेसाठी घोकलं होतं. ते कशासाठी असतं, हे वर्गाने त्या दिवशी पाहिलं.

बीएस्सीला असणाऱ्यांनी या फेलोशिपला जरूर अर्ज करा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादम्या मिळून ती देतात आणि शिक्षकांनाही अर्ज करता येतो. आपल्याला काय करायचं आहे ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं, शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. गाव लहान, कॉलेज लहान म्हणून थांबू नका. लिहिताना काही अडलं तर मला विचारा, मी माझं लिखाण दाखवीन.