लिंबाची फोड

परवा भर दुपारी परभणीत एका खानावळीत जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, पालकाचं वरण, ठेचा, फोडलेला कांदा. सगळं होतं, लिंबू नव्हतं. मे महिन्यात ताटातली फोड आधी कागदासारखी पातळ होते आणि मग दिसेनाशीच होते. विचारलं तर वाढणारं पोरगं हसलं, "लिंबाचं नाव नका काढू काका, लई महाग झालंय."

वरणावर लिंबू नसलं की मला जेवल्यासारखंच वाटत नाही. त्यातही माझं सोवळं कडक. फोड ताटातच पिळायची, घास घेण्याआधी. उकळत्या पातेल्यात लिंबू पिळणाऱ्यांशी माझं जन्मात पटलेलं नाही. सी जीवनसत्त्व उष्णतेनं आणि हवेनं नासतं, हे कारण मला फार नंतर सापडलं. हट्ट आधीचा आहे.

हट्ट आजीचा. ती लिंबू पाटावर तळव्याखाली दाबून लाटायची, चांगलं मऊ झालं की विळीवर आडवं चिरायची. बी ताटात पडू नये म्हणून बोटांची चाळणी करून पिळायची. हिवाळ्यात तिच्या अंगठ्याला भेगा पडलेल्या असत. रस भेगेत शिरला की "स्स्" करून हात झटकायची आणि पुढच्याच्या ताटावर पिळायला घ्यायची. आपल्या जुन्या बायकांना सगळं विज्ञान ठाऊक होतं, असले मेसेज आले की मी न वाचता पुढे सरकतो. आजीला जीवनसत्त्व वगैरे काही ठाऊक नव्हतं. डाळ सपक लागते म्हणून ती लिंबू पिळायची.

गंमत एवढीच, की ती भेग भरून यायलाही सी लागतंच. कातडी, हिरड्या, हाडं, रक्तवाहिन्या, सगळीकडे कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. तीन पदर एकमेकांत पिळलेले, आमच्याकडे अंबाडीचं दावं वळतात तसे. तो पीळ घट्ट बसवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) सी लागतं. नसलं तर पीळ सैल पडतो, आणि तोही फक्त नव्या जखमेतच नाही. शरीर जुनं कोलॅजन मोडून नवं घालतच असतं. 1740 साली निघालेल्या अ‍ॅन्सनच्या इंग्रज आरमारात एक म्हातारा सैनिक होता. 1690 च्या आयर्लंडातल्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा पन्नास वर्षांनी, सी कमी पडून होणाऱ्या स्कर्व्ही रोगात पुन्हा उघडल्या, अशी नोंद आहे. जखम बरी झाली म्हणजे कायमची झाली असं मी तोवर समजत होतो.

शेळीला ही कटकट नाही. मळ्याच्या बांधावर आमची बोर होती. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून काट्यांमधून ओठांनी एकेक पान असं अलगद काढायची की बघत राहावं. आम्ही हात ओरबाडून घेऊन चार बोरं मिळवायचो. आणि तिला त्या पानाबोरांतल्या सीची गरजसुद्धा नव्हती! ती आपलं सी यकृतात साखरेपासून स्वतः बनवते. माणसाचा, बहुतेक माकडांचा आणि गिनीपिगचा तेवढा जनुक केव्हाचा बिघडलेला. म्हणून आपल्याला जाम (पुण्याचा पेरू), आवळा, बोरं यांच्यामागे फिरावं लागतं.

हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना सी हा पदार्थ आधी मिळाला तो मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत. तिथे त्याचा साठा असतो. घाबरल्यावर अंगात जे नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, ते तयार व्हायलाही सी लागतं. पुढे त्यांना तो भरपूर सापडला हंगेरीतल्या सेगेड गावच्या मिरचीत, आणि 1937 चं नोबेल मिळालं. ताज्या मिरचीत वजनाला वजन लिंबापेक्षा जास्त सी असतं. आमच्या ठेच्याची बाजू मी इथे जोरात मांडली असती, पण ठेचा खाऊन खाणार किती, आणि मिरच्या आधी तव्यावर भाजलेल्या.

माझ्या वरणातल्या पालकात लोह असतं, पण आतड्याला ते सहज घेता येत नाही. लिंबू त्याला घेण्याजोगं करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा तेच लोह अडवतो. आणि मराठवाड्यात जेवणावर चहा नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दिवाळी झाली की बीडकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. बाई पहाटेच्या अंधारात भाकरी थापते, फडक्यात चटणीसोबत बांधते, वर कोरा चहा. अंगात रक्त कमी, डोक्यावर उसाची मोळी. कारखान्याची गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरावी लागते, कारण उचल घेतलेली असते. जेवणानंतर तासभर थांबून चहा घ्या, ताटात लिंबू पिळा, हे तिला कोणी आणि कुठल्या तोंडानं सांगायचं?