बाईंनी सगळं वाचलं होतं

बाईंनी पुस्तिकेची प्रिंट काढून तिला स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं. बत्तीस पानं, आणि त्यांवर लाल-हिरव्या पेनाच्या खुणा. आठ वर्षं मी ही पुस्तिका लिहितोय, दुरुस्त करतोय; पण कुणी ती कागदावर उतरवून, हातात पेन धरून वाचेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. लाल खुणा शुद्धलेखनाच्या होत्या. हिरव्या म्हणजे ‘कळलं नाही’. हिरव्या किती आहेत ते मोजायचं मी संध्याकाळपर्यंत टाळलं.

पोटासाठी मी पुण्यात एका कंपनीत टेक्निकल रायटर आहे. उरलेल्या वेळात आम्ही पाच-सहा जण मिळून डेबियन लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट, मुक्त प्रणाली, कशी बसवायची याची मराठी पुस्तिका चालवतो. डेबियनची स्वतःची इंग्रजी मार्गदर्शिका आहे आणि ती चांगली आहे, पण ती ज्याला आधीच थोडं येतं त्याच्यासाठी. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी लिहिणं हे ओपन सोर्सच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरच्या, जगातलं सगळ्यात खालच्या पायरीचं काम. कोड लिहिणाऱ्याला मान असतो. आम्हाला ‘तेवढं डॉक्युमेंटेशन बघून घे रे’ असं सांगितलं जातं, लग्नात पाण्याचे ग्लास बघून घे म्हणतात तसं.

बाईंची शाळा भोरच्या पुढची. संगणक कक्षात अकरा डेस्कटॉप, सगळे चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे, ४ जीबी रॅमचे. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. संगणकाचे सर निवृत्त झालेले, जागा भरलेली नाही, म्हणून कक्षाची किल्ली मराठीच्या बाईंकडे आली होती. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी फोन केला: “सर, तुमची पुस्तिका वाचून मी स्वतः करून बघणार आहे. तुम्ही नुसते येऊन बसा.”

मला हेच हवं होतं. नवशिका माणूस वाचून काय करतो ते मागे बसून बघायचं, वहीत टिपायचं, तोंड उघडायचं नाही. कंपनीत आम्ही हे पैसे देऊन करून घेतो. पुस्तिकेसाठी आठ वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

पहिला तास बरा गेला. संगणक चालू करताना ‘एफ-२, एफ-१२, एस्केप किंवा डिलीट’ यांपैकी एक कळ दाबा असं मी लिहिलंय. बाईंनी चारही कळा त्याच क्रमाने दाबल्या आणि त्यांतली एक लागू पडली. वायफाय आपोआप सापडलं. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन ठरवलं की मुक्त नसलेलं फर्मवेअरही (वायफायसारखे भाग चालवायला लागणारं कंपन्यांचं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायचं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं. त्या एका मतदानाने आमचं वायफायवरचं अडीच पानांचं प्रकरण रद्दीत गेलं. इतक्या आनंदाने मी दुसरं काहीही खोडलेलं नाही.

मग रूट पासवर्डचा पडदा आला.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण दिवसाचं सगळं रामायण याच पडद्यावर सुरू झालं. लिनक्समध्ये रूट नावाचं सर्वाधिकारी खातं असतं. डेबियन १२ चा इन्स्टॉलर विचारतो, रूटला पासवर्ड काय ठेवायचा? वर बजावतो की तो ओळखायला सोपा नसावा, शब्दकोशातला शब्द नसावा, अक्षरं-अंक-चिन्हं मिसळून असावा. आणि मग, खाली, सांगतो की ही जागा रिकामी ठेवली तर रूट खातं बंद राहील आणि तुमच्या रोजच्या खात्यालाच ‘सुडो’ वापरून ते अधिकार मिळतील. म्हणजे पासवर्ड दिला तर तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. रिकामं सोडलं तर मिळतं. घरच्या किंवा शाळेच्या संगणकाला दुसरं बरं, आणि पुस्तिकेतल्या पुढच्या सगळ्या कमांड सुडोनेच सुरू होतात. पण माझ्या नवव्या पानावर काय होतं? ‘येथे प्रशासकाचा पासवर्ड द्यावा. तो अवघड असावा व इतरांना कळू देऊ नये.’ बस्स.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. “प्रशासकाचा म्हणजे हेडसरांचा ना?”

मी गप्प. नियम.

“की संस्थेवर प्रशासक नेमतात, तो?”

‘प्रशासक’ हा शब्द मी २०१७ मध्ये फार अभिमानाने निवडला होता. इंग्रजी शब्द नको, मराठीच हवा, असा माझा तेव्हाचा बाणा. पण महाराष्ट्रात प्रशासक म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे: बँक बुडाली, मंडळ बरखास्त झालं, की सरकार पाठवतं तो माणूस. बाईंनी त्यातल्या त्यात सुसंगत अर्थ लावला आणि हेडसरांना बोलावून आणलं. हेडसरांनी पुस्तिका वाचली, मान डोलावली, बाईंना पलीकडे बघायला सांगितलं आणि स्वतः पासवर्ड टाकला. इतरांना कळू देऊ नये, असं लिहिलंच होतं. मग ते पंचायत समितीत बैठकीला निघून गेले.

पाऊण-एक तासात डेबियन बसलं. बाई खूश. आता देवनागरीचा लोहित फॉण्ट घालायचा होता. पान बावीस: टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, पुढील आज्ञा द्या. आज्ञेच्या आधी आम्ही लिहिणारे $ हे चिन्ह काढतो. त्याचा अर्थ ‘हे साध्या खात्यातून टाइप करायचं’. ते चिन्ह संगणक स्वतःच ओळीच्या सुरुवातीला दाखवतो. टाइप करायचं नसतं. बाईंनी टाइप केलं. उत्तर आलं: $ नावाची कमांड सापडली नाही. त्यांनी पुन्हा केलं, जास्त काळजीपूर्वक, कागदावर बोट ठेवून. पाचव्या प्रयत्नाला पडद्यावरचं आधीचं $ आणि आपलं $ एकाखाली एक बघून त्या म्हणाल्या, “दोनदा होतंय हे.” आणि स्वतःहून काढलं. मी वहीत मोठं बरोबर काढलं, बाईंसाठी. माझ्यासाठी काय काढलं ते इथे लिहीत नाही.

पुढची अडचण अर्थातच ठरलेली. सुडोने सांगितलं की हे खातं सुडोअर्स फाइलमध्ये, म्हणजे सुडोची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाही. जुन्या आवृत्त्यांत या वाक्यापुढे ‘ही घटना कळवली जाईल’ असंही यायचं. बरं झालं बाईंना ते दिसलं नाही, त्यांनी तिथेच काम थांबवून हेडसरांना फोन लावला असता. फोन तसाही लावावा लागला, कारण या अडचणीवर पुस्तिकेत एक चौकट आहे, आणि चौकटीत पहिलीच पायरी रूटचा पासवर्ड देण्याची. हेडसरांचा फोन बैठकीमुळे बंद.

मला तो पासवर्ड बायपास करता आला असता. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत एक ओळ बदलायची, पाच मिनिटांचं काम. हात शिवशिवत होते. पण पुस्तिका वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मागे मी बसलेला नसणार, म्हणून बसून राहिलो.

तेवढ्यात शिपाईमामांचा नववीतला मुलगा आला. “बाई, मी त्या दुसऱ्यावर करू?” पेन ड्राइव्ह घेतला आणि सुरू. पुस्तिका त्याने उघडलीसुद्धा नाही. जवळजवळ प्रत्येक पडद्यावर ‘कंटिन्यू’. रूट पासवर्डवरही ‘कंटिन्यू’, रिकामं ठेवून, कारण टाइप करायचा कंटाळा. आपलं नाव आणि पासवर्ड तेवढा दिला, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. जेवणं उरकेपर्यंत त्याचा संगणक तयार होता. सुडो पहिल्या फटक्यात चाललं. $ त्याने टाइप केलं नव्हतं, कारण ते कागदावर होतं आणि कागद त्याने बघितलाच नव्हता. बाईंच्या पडद्यावरची ओळ बघून ठोकून दिली.

बाई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त.

साडेतीनला हेडसर आले. चौकटीत लिहिल्याप्रमाणे बाईंनी रूट खात्यात शिरायची ‘सु’ ही कमांड टाइप केली, हेडसर पासवर्ड द्यायला बसले. टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, हे मी पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय आणि त्याचा मला आनंद आहे. पण बाईंनी वाचलं होतं, हेडसरांनी नाही. “कीबोर्ड गेला की काय?” म्हणत त्यांनी तीन वेळा टाइप केलं. शेवटी आत शिरले.

चौकटीतली पुढची आज्ञा, आपल्या खात्याला सुडोचा अधिकार देणारी, # या चिन्हाने सुरू होते. साध्या खात्याला $, रूटला #, अशी आमच्या धंद्यातली जुनी रीत. पण $ टाइप केलं तर निदान संगणक ओरडतो. ओळीच्या सुरुवातीला # आलं की बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, पुढची सगळी ओळ शेरा समजून सोडून देतं. चूक नाही, संदेश नाही, काही नाही. बाईंना सकाळचा धडा लक्षात होता, पण हे चिन्ह वेगळं होतं, म्हणून त्यांनी इमानदारीत टाइप केलं. एंटर. शांतता.

आणि त्याच चौकटीखाली माझं वाक्य: ‘कोणताही संदेश आला नाही, तर काम झाले असे समजावे.’

लिनक्स ज्यातलं, त्या युनिक्सच्या घराण्यात हा संस्कारच आहे, काम झालं की गप्प बसायचं. ते वाक्य लिहिलं तेव्हा मला फार चपखल वाटलं होतं. बाईंनी काम झालं असं समजलं. सांगितल्याप्रमाणे लॉग आउट केलं, पुन्हा लॉग इन केलं, सुडो दिलं. सुडोअर्स फाइलमध्ये नाही. पुन्हा हेडसर, पुन्हा पासवर्ड, पुन्हा #, पुन्हा शांतता, पुन्हा लॉग आउट. तिसऱ्या फेरीला हेडसर मला म्हणाले, “तुम्ही नक्की हेच काम करता ना?”

मी नियम मोडला. “बाई, ते # काढा.”

काढलं. आता उत्तर आलं: ‘ॲडयुझर’ अशी कमांडच सापडत नाही. माझ्या पोटात गोळा आला, कारण याचं कारण मला माहीत होतं आणि मी ते पुस्तिकेत कधी आणलंच नव्हतं. डेबियन ९ पर्यंत नुसतं ‘सु’ म्हटलं की रूटची स्वतःची शोधवाटही मिळायची, म्हणजे कमांड कुठकुठल्या फोल्डरात शोधायची त्याची यादी. २०१९ च्या डेबियन १० मध्ये ‘सु’ दुसऱ्या पॅकेजातून येऊ लागलं, आणि हे नवं ‘सु’ तुमच्याच खात्याची शोधवाट कायम ठेवतं. त्या वाटेवर व्यवस्थापनाच्या कमांड ठेवलेलं एसबिन फोल्डर नसतं. उपाय एवढाच: ‘सु’ नंतर जागा सोडून एक आडवी रेघ द्यायची. माझी चौकट २०१७ ची. दर आवृत्तीला मी वरचा आकडा बदलत गेलो, दहा, अकरा, बारा, आणि चौकट कधी चालवून बघितली नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर सुडो आहे, मला ‘सु’ लागतंच कुठे!

रेघ दिली. पुढचं उत्तर: ‘युझरनेम’ नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही. हो, आज्ञेत मी ‘युझरनेम’ असंच लिहिलं होतं, तिथे आपलं नाव घालायचं हे न सांगता. बाईंनी त्यावर सकाळपासून हिरवी खूण करून ठेवली होती आणि समासात लिहिलं होतं: ‘कोणाचे नाव?’

पाच वाजून दहा मिनिटांनी फॉण्ट बसला. हिरव्या खुणा एकेचाळीस.

आमच्या गटात मी त्याच रात्री बदल पाठवले. सगळी $ आणि # काढली. नवव्या पानावर ‘ही जागा रिकामी ठेवा’ आणि त्याचं कारण. ‘प्रशासक’ जाऊन ‘रूट’. चौकट नव्याने, चालवून बघून. गटातल्या एकाने, जो माझ्यापेक्षा जास्त जाणतो आणि ते विसरू देत नाही, लिहिलं की चिन्हं काढणं म्हणजे लोकांना अडाणी ठेवणं, # आणि $ सगळीकडे असतातच, एकदा शिकावं लागतंच. आणि शेवटी नेहमीचं: लोक नीट वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार. हे वाक्य मीही कित्येकदा लिहिलंय. यावेळी मी नवव्या पानाचा फोटो पाठवला, लाल-हिरव्या खुणांसकट. त्याने अंगठा दाखवला. कशाला, ते कळलं नाही. तीन आठवड्यांनी बदल मंजूर झाले. चिन्हांचा मात्र वाद अजून चालू आहे, त्यामुळे सध्याच्या प्रतीत अर्ध्या पानांवर ती आहेत आणि अर्ध्यांवर नाहीत, जे दोन्हींपेक्षा वाईट.

‘कोणताही संदेश आला नाही, तर…’ हे वाक्य मी अजून बदललेलं नाही. चार मसुदे केले. एकात ‘खात्री करून घ्यावी’ आहे, पण खात्री कशी करायची ते सांगायला आणखी एक आज्ञा द्यावी लागते, आणि ती आज्ञाही बरोबर चालली हे कशावरून, असं बाई विचारणार. विचारलंच त्यांनी, निघताना.

उरलेले नऊ संगणक पुढच्या शनिवारी झाले, मी नसताना. नव्या पानाप्रमाणे रूटची जागा रिकामी ठेवून. त्याआधी हेडसरांचा फोन आला होता. त्यांनी नऊ वेगवेगळे अवघड पासवर्ड तयार करून, पाकिटात घालून, पाकीट कपाटात ठेवलं होतं. रिकामं ठेवायचं म्हटल्यावर त्यांना ते काही पटेना. “म्हणजे प्रशासकच नाही?” त्यांनी विचारलं. “मग उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

मी म्हटलं, बाई.

“त्यांना विचारलंत?”

विचारलं नव्हतं.